लांब पल्ल्याचा नेम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत एल्क, म्यूल डिअर (दोन्ही हरणांच्या जाती) आणि प्रॉंगहॉर्न (हरणासारखा प्राणी) यांच्या शिकारीसाठी लांब पल्ल्याच्या रायफलीचे वर्ग चालतात. त्यांविषयी या खेपेस बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांची आहेत, एक सांगली जिल्ह्यातले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी कोलोरॅडोत राहतो. परवाना आहे, शिकारी सुरक्षा शिक्षणाचा दाखलाही आहे. 6.5 क्रीडमूर (काडतुसाचा एक प्रकार) रायफलीने रेंजवर 300 यार्डांपर्यंत नेम ठीक बसतो. दोन-तीन दिवसांच्या लांब पल्ल्याच्या वर्गात असे काय शिकवतात, की ज्यासाठी एवढे पैसे मोजावेत? (डेन्व्हरहून एक वाचक)

चांगल्या वर्गाचा पहिला अर्धा दिवस बार न काढताच जातो, आणि तो वाया गेला असे समजू नका. प्रशिक्षक प्रत्येकाच्या रायफलीचे स्क्रू टॉर्कच्या (स्क्रू किती घट्ट आवळला ते दाखवणाऱ्या) पान्याने तपासतात. स्कोपच्या (रायफलीवरच्या दुर्बिणीच्या) रिंगांचे स्क्रू बहुधा 15 ते 25 इंच-पौंडांवर आवळायचे असतात. दस्ता आणि अ‍ॅक्शन (काडतूस आत घेणारी यंत्रणा) जोडणारे स्क्रू पुष्कळ रायफलींत 65 इंच-पौंडांच्या आसपास असतात. तुमच्या कंपनीचा आकडा पुस्तिकेत पाहा, अंदाजाने आवळू नका. ‘रायफल बिघडली’ म्हणून येणाऱ्यांपैकी अनेकांचा आजार या सैल स्क्रूंतच सापडतो.

त्यानंतर 100 किंवा 200 यार्डांवर झिरो पक्का करतात (म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी येतील असा स्कोप लावतात) आणि क्रोनोग्राफवर गोळीचा खरा वेग मोजतात. खोक्यावर छापलेला वेग कंपनीच्या चाचणीच्या नळीतला असतो, बहुधा 24 इंची. तुमची नळी 22 इंची असेल तर 2700 ऐवजी 2620 फूट प्रतिसेकंद येऊ शकतो. 200 यार्डांवर झिरो केलेला असेल तर 80 फुटांच्या या फरकाने 500 यार्डांवर गोळी सुमारे 3 इंच खाली लागते. त्यापुढे फरक झपाट्याने वाढतो.

तुमच्याच काडतुसाचा हिशेब घेऊ. 143 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) ईएलडी-एक्स ही शिकारी गोळी, वेग 2700, झिरो 200 यार्ड. ती 300 वर सुमारे 8 इंच, 400 वर साडेबावीस आणि 500 वर 45 इंच खाली येते. शेवटच्या दोनशे यार्डांत 37 इंचांची घसरण आहे. म्हणून ‘जरा वर धरून मारतो’ ही 300 पर्यंतची सवय पुढे उपयोगाची नाही. स्कोपचा टरेट (नेम वर-खाली सरकवणारी चकती) फिरवावा लागतो. 500 यार्डांना 45 इंच म्हणजे साधारण 8.6 एमओए (कोनाचे माप, एका अंशाचा साठावा भाग). पाव एमओएच्या टरेटवर ते 34 क्लिक होतात, आणि मिलमध्ये (कोनाचेच दुसरे माप) मोजणाऱ्यांना 2.5 मिल, म्हणजे 25 क्लिक. हे गणित फोनवरचे अ‍ॅप करून देते. वर्गात ते लोखंडी पाट्यांवर 400, 500, 600 अशा अंतरांना तपासून घेतात आणि फरक पडला तर अ‍ॅपमधला आकडा दुरुस्त करतात.

दुसरा दिवस जवळजवळ पूर्ण वाऱ्याचा असतो, त्याचे वेगळे उत्तर खाली आहे. तिसऱ्या दिवशी बैठकी, म्हणजे नेम धरताना बसण्या-झोपण्याच्या पद्धती. बाकावरून किंवा पोटावर झोपून मारणे रेंजवर सोपे असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगरउतारावर गुडघाभर गवत आणि सेजब्रशची झुडपे उभी असतात, झोपलात तर स्कोपमध्ये गवतच दिसते. म्हणून पाठीवरच्या पिशवीवर रायफल टेकवून, बसून ट्रायपॉडवरून, झाडाच्या बुंध्याला टेकून, असे सराव होतात. चढण चढून आल्यावर छाती धपापत असताना, घड्याळ लावून. इथे बहुतेकांचा 300 यार्डांचा आत्मविश्वास पहिल्यांदा हलतो, आणि वर्गाचे पैसे याच अनुभवासाठी असतात.

अ‍ॅरिझोनातील पॉल्डन येथील गनसाइट अकादमी (जेफ कूपर यांनी 1976 मध्ये सुरू केलेली), टेक्सासमधील बार्क्सडेलजवळचे एफटीडब्ल्यू रँच आणि न्यू मेक्सिकोतील रॅटन येथील एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन) व्हिटिंग्टन सेंटर ही या क्षेत्रातली जुनी, जाणती नावे. जागा निवडताना चकचकीत जाहिरातीपेक्षा तीन गोष्टी विचारा : एका प्रशिक्षकामागे किती जण, शिकारीच्या बैठकींना किती तास, आणि पाट्या सपाट मैदानात आहेत की दरीच्या पलीकडे. सपाट मैदानावर हजार यार्डांची पाटी वाजवून देणारा वर्ग मनाला सुखावतो, शिकाऱ्याच्या फारसा कामाचा नाही. सोबत एकाच लॉटची (कारखान्यात एकाच खेपेत तयार झालेली) 150 ते 200 काडतुसे न्या. लॉट बदलला की वेग बदलू शकतो, आणि मग दोन दिवस जमवलेले आकडे फुकट जातात.

प्रश्न : वाऱ्याचा अंदाज कधीच बरोबर येत नाही. हातातल्या वारामापकावर विसंबून चालते का? (सॉल्ट लेक सिटी)

वारामापक तुम्ही उभे आहात तिथला वारा सांगतो. गोळीला पुढचे पाचशे यार्ड कापायचे असतात. तरीही उपकरण जवळ असावे, कारण त्याच्यामुळे डोळा तयार होतो. आधी अंदाज बोला, मग मोजा.

खुणा अशा. तोंडाला वारा जाणवतो, पाने सळसळतात : ताशी 4 ते 7 मैल. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलतात : 8 ते 12. धूळ उडते, लहान फांद्या डोलतात : 13 ते 18. ऊन असेल तर स्पॉटिंग स्कोपमधून दिसणारी मृगजळाची लाट पाहा. ती सरळ वर चढत असेल तर आडवा वारा नाही किंवा तो थेट तुमच्याकडे वा तुमच्याकडून वाहतो आहे. तिरकी झाली तर 3 ते 5 मैल. 10-12 च्या सुमारास ती आडवी पडते, आणि त्यापुढे वारा वाढला तरी लाट तशीच दिसते.

दिशा घड्याळाने धरा. सावज 12 वर. 3 किंवा 9 वाजण्याच्या दिशेचा वारा पूर्ण मोजायचा, 1 किंवा 11 च्या दिशेचा निम्मा, पूर्ण आणि निम्मा यांच्या मधला, 45 अंशांचा, सुमारे 0.7. समोरचा आणि पाठीमागचा या अंतरांपुरता सोडून द्या.

वर दिलेल्या 6.5 च्या गोळीला ताशी 10 मैलांचा पूर्ण आडवा वारा 300 यार्डांवर सुमारे 5 इंच ढकलतो आणि 500 वर सुमारे 15 इंच. आता तुमचा अंदाज एका आकड्यात मांडू नका, दोन आकड्यांत मांडा : कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. समजा 8 ते 14. 500 यार्डांवर 8 ला 12 इंच, 14 ला 21 इंच. फरक 9 इंचांचा. मध्यावर नेम धरलात तरी दोन्ही बाजूंना साडेचार इंच चूक होऊ शकते. हरणाचा मर्मभाग, म्हणजे हृदय-फुप्फुसांचा भाग, वर्गात 8 इंचांच्या पाटीने दाखवतात. केंद्रापासून 4 इंच. म्हणजे हात दगडासारखा स्थिर असला तरी गोळी फुप्फुसाबाहेर, पोटात जाऊ शकते. तोच वारा 300 यार्डांवर जेमतेम 3 इंचांचा फरक पाडतो. तेव्हा त्या सकाळी त्या माणसाचा पल्ला 300 आहे. दुसऱ्या दिवशी हवा निवांत असेल तर तो 450 असेल. ज्याला आपला पल्ला एकच कायमचा आकडा वाटतो त्याला वारा अजून समजलेला नाही, हे आम्ही ठामपणे म्हणतो.

दरीवरून मारताना आणखी एक घोटाळा होतो. दोन्ही कड्यांवर वारा शांत असतो आणि मधल्या पोकळीत दरीतून वर येणारा झोत गोळीला गाठतो. मधल्या उतारावरच्या झाडांचे शेंडे दुर्बिणीने पाहिल्याशिवाय चापाला बोट लावू नये.

प्रश्न : अ‍ॅपप्रमाणे टरेट फिरवूनही 500-600 यार्डांवर गोळी कधी वर, कधी खाली, कधी बाजूला जाते. दोष कुठे शोधू? (बॉइझी, आयडाहो)

सगळ्या अंतरांवर सारखीच वर किंवा खाली जात असेल तर आधी झिरो पुन्हा पाहा. जवळ बरोबर आणि अंतरागणिक फरक वाढत असेल तर वेगाचा आकडा चुकला आहे, किंवा अ‍ॅपमध्ये हवेचा दाब चुकीचा भरला आहे. समुद्रसपाटीचे आकडे ठेवून 9000 फुटांवर गेलात तर विरळ हवेमुळे गोळी वर लागते. अ‍ॅपला त्या ठिकाणचा प्रत्यक्ष दाब द्या. हवामानखाते सांगते तो दाब समुद्रसपाटीला जुळवलेला असतो. तो भरून वर उंचीचा आकडा दिला नाही तर हिशेब बिघडतो.

बाजूला जात असेल आणि वारा नसेल तर रायफल कलती धरली जाते आहे. 5 अंश कल डोळ्याला कळतही नाही, पण 500 यार्डांवर तो सुमारे 6 इंच बाजूला नेतो. उतारावर बसले की नजर जमिनीच्या रेषेला सपाटी मानते आणि रायफल त्या बाजूला झुकते. स्कोपवर लहानशी पाणसळ बसवा आणि चाप ओढण्यापूर्वी तिच्याकडे पाहण्याची सवय लावा.

कधी वर, कधी खाली असे अनियमित होत असेल तर तीन संशयित. पॅरॅलॅक्सचे (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो, तो दोष घालवणारे) बटण त्या अंतराला जुळवलेले नाही : डोळा किंचित हलवून पाहा, स्कोपमधली फुलीही पाटीवर सरकली तर जुळवा. दुसरा, अंतर चुकीचे मोजले जाते : लेझरचा किरण सावजाच्या अलीकडच्या गवताला किंवा पलीकडच्या उताराला लागतो. तीनदा मोजा, आणि शेजारच्या मोठ्या दगडाचेही अंतर घ्या. तिसरा संशयित तुम्ही स्वतः. धक्क्याच्या धास्तीने चाप झटकला जातो. जोडीदाराला तुमच्या नकळत कधी काडतूस, कधी रिकामे डमी भरायला सांगा. डमीवर नळीचे तोंड खाली गेले की निदान झाले. त्यावर उपाय घरी : रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री, काडतुसे दुसऱ्या खोलीत, सुरक्षित भिंतीकडे तोंड, आणि रोज दहा मिनिटे रिकामा चाप. हे सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर आघात होतो अशा) रायफलीसाठी. .22 रिमफायरवर (जिथे आघात काडतुसाच्या कडेवर होतो) पुस्तिकेत परवानगी नसेल तर करू नका.

तीव्र चढ-उतारावर लेझरच्या सरळ अंतराने टरेट लावला तर गोळी वर जाते. 30 अंशांच्या उतारावरचे 500 यार्ड गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात 433 च आहेत. अंतरमापकात कोनाची सोय चालू आहे का ते पाहा. वाऱ्याचा हिशेब मात्र पूर्ण 500 चाच करायचा.

आणि एक साधी गोष्ट, जी दर वर्गात कुणाकडून तरी होते : स्कोपमधून सावज स्वच्छ दिसते, पण नळी स्कोपच्या दीड-दोन इंच खाली असते आणि तिच्यासमोर दगड असतो. तुकडे उडतात. बार काढण्यापूर्वी नळीच्या रेषेत बाजूने पाहून घ्या.

प्रश्न : मी एच-1बी व्हिसावर आहे. मित्रांसोबत असा वर्ग करायचा आहे. रायफल वर्गाचीच मिळेल, विकत घेणार नाही. मग अडचण नसावी ना? (डॅलस, टेक्सास)

अडचण आहे, आणि ती गंभीर आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-1बी, एच-4, एफ-1, बी-2 अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. विकत घेणे हाच काय तो गुन्हा, असे नाही. रेंजवर भाड्याची रायफल हातात घेणेही ‘बाळगणे’ ठरू शकते. मनाईला काही अपवाद आहेत. त्यांतला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी राज्याचे शिकारी सुरक्षा शिक्षण, मग शिकारीचा परवाना, मग वर्ग. दाखल्याच्या नियमांत राज्याराज्यांत फरक आहे. कोलोरॅडोत 1 जानेवारी 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो. परवान्याची प्रत खिशात असू द्या, नाव नोंदवताना व्हिसाची स्थिती संस्थेला लेखी कळवा, आणि एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांना किंवा मित्रांना गंमत म्हणून रेंजवर नेऊन रायफल हातात देण्याचा प्रकार सर्रास होतो, तो कृपा करून थांबवा. भोगावे त्यांना लागेल.

प्रश्न : लांबून मारणे ही शिकार आहे का? जवळ जाणे हेच खरे कौशल्य नाही का? (सिअ‍ॅटल)

हा वाद तिकडच्या शिकाऱ्यांतही चालू आहे. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने 1887 मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लब या शिकाऱ्यांच्या संस्थेने अति लांबून मारण्याला स्पष्ट विरोध नोंदवला आहे. त्यांच्या मते अशाने प्राण्याला धोका ओळखण्याची संधीच उरत नाही. त्यांनी यार्डांचा आकडा घातलेला नाही, आणि ते बरोबर आहे. आयडाहोने वेगळ्या वाटेने मर्यादा घातली : मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत स्कोप, पट्ट्यासह 16 पौंडांहून जड रायफल चालत नाही.

आमचे मत असे : वर्ग 800 यार्डांवर करा, शिकार 300-400 च्या आत करा. वर्गात 800 वर जे चुकते ते 300 वर आपोआप सुधारते. 500 यार्ड जायला गोळीला 0.64 सेकंद लागतात. तेवढ्यात रमतगमत, ताशी 3 मैलांनी चालू लागलेले एल्क पावणेतीन फूट पुढे गेलेले असते. तुमचा नेम, वारा, अंतर सगळे अचूक असूनही गोळी पोटात बसते. या अडचणीवर कुठलाही स्कोप उपाय नाही, उपाय जवळ जाण्याचाच आहे.

गोळीचीही मर्यादा आहे. शिकारी गोळी शरीरात फुलण्यासाठी ठरावीक वेग लागतो. पुष्कळ गोळ्यांना तो सेकंदाला 1800 फुटांच्या आसपास असतो, काहींना कमी. एल्कसाठी 1500 फूट-पौंड ऊर्जा हा जुना ठोकताळा धरला, तर वरची 6.5 ची गोळी 400 यार्डांच्या जरा आधीच त्याखाली उतरते.

स्वतःचा पल्ला ठरवायचा असेल तर शिकारीच्याच बैठकीतून, त्या प्राण्याच्या मर्मभागाएवढ्या पाटीवर, वेगवेगळ्या दिवशी थंड नळीचा पहिला बार काढा आणि वहीत लिहा. दहापैकी नऊ बसतील ते अंतर तुमचे. बाकावरून काढलेल्या तीन गोळ्यांच्या देखण्या गटावर विसंबू नका, तीनचा गट नेहमी रायफलीची खोटी स्तुती करतो.

प्रश्न : भारतात असे वर्ग का नाहीत? आमच्याकडे रानडुकरांनी उसाची नासाडी केली आहे. (सांगली जिल्हा)

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे शिकारीच्या प्रशिक्षणालाही जागा नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांबाबत वनखात्याकडे अर्ज करावा. लेखी परवानगीशिवाय, स्वतःची परवान्याची बंदूक असली तरी, बार काढणे गुन्हाच आहे. नुकसानभरपाईचा अर्ज आणि पंचनामाही लगेच करून घ्या.

नेमबाजीची हौस असेल तर तिचा रस्ता खेळाचा आहे. 4.5 मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. 10 मीटरवर श्वास, चाप आणि नजर यांची जी शिस्त लागते, तीच पुढे सगळीकडे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने असे तीन प्रकार त्यात असतात, आणि वर सांगितलेल्या बैठकींचा पाया तोच आहे.

प्रश्न : कॅलिफोर्नियात शिशाची गोळी चालत नाही. तांब्याच्या गोळीने पल्ला बदलतो का? आणि दरीपलीकडे बार लागल्यावर सावज सापडत नाही, ते कसे शोधावे? (सॅन होजे)

बदलतो. 1 जुलै 2019 पासून कॅलिफोर्नियात सर्व शिकारीला शिसेविरहित गोळी सक्तीची आहे. तांबे शिशाहून हलके आणि कठीण. त्याच वजनाची गोळी लांब होते, फुलायला बहुधा जास्त वेग मागते, म्हणून पल्ला 50 ते 100 यार्डांनी कमी धरा आणि झिरो, वेग, अ‍ॅप सगळे नव्याने करा. जुन्या गोळीचे आकडे तिला लावू नका.

सावज शोधण्याचे काम बार काढण्यापूर्वीच सुरू होते. ते उभे आहे तिथली खूण ठरवा : वाळलेले झाड, फुटका कडा. होकायंत्राने दिशा आणि लेझरने अंतर लिहून ठेवा, कारण दरी ओलांडल्यावर पलीकडचा उतार ओळखू येत नाही. बार काढताच दुसरे काडतूस आत घ्या आणि स्कोपमधूनच पाहत राहा. सावज पडले नाही तर ते चुकले असे मानू नका, लांबून गोळी लागल्याचा आवाज आणि परिणाम दोन्ही उशिरा कळतात. अर्धा तास थांबा. जाताना आपल्या जागेवर नारिंगी फीत बांधा, जोडीदाराला मागे दुर्बिणीवर बसवा आणि रेडिओवर किंवा हाताच्या खुणांनी दिशा घ्या. काही राज्यांत शिकारीत रेडिओच्या वापरावर बंधने आहेत, ती आधी पाहा. रक्ताचा पहिला थेंब दिसला तिथे दुसरी फीत बांधून मगच पुढे सरका.